सोसायटीच्या हॉलमध्ये स्मॅश आणि स्ट्रीट फायटर: मजेवाले आणि जिंकायलाच बसलेले, दोघांना एकत्र कसं खेळवायचं?

इंदिरानगर_प्लेअर२

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ३ ते ८ फायटिंग गेम खेळायला लोक जमतात. साधारण १४ जण, अकरा वर्षांच्या पोरांपासून चाळिशीतल्या बापांपर्यंत. सामान असं: २ स्विच (एक ओएलईडी, एक जुना), १ स्विच लाइट, १ पीएस५, १ स्टीम डेक. हॉलचा ४३ इंची टीव्ही आहे, दुसरा टीव्ही घरून येतो, एक मॉनिटरही मिळेल. खेळ दोनच, सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट आणि स्ट्रीट फायटर ६. टेकन ८ आहे, पण ते फक्त पीएस५वर.

भांडण एकच आहे. निम्म्यांना आयटम (खेळात मध्येच पडणारे बॉम्ब, तलवारी वगैरे) चालू, चौघं एकदम, नुसता धिंगाणा हवा. निम्म्यांना एकास एक, नियमाने, ब्रॅकेट (स्पर्धेच्या सामन्यांचा तक्ता) लावून. स्ट्रीट फायटरला कुणी सलग तीन थ्रो (समोरच्याला पकडून आपटणं) मारले की "हा रडीचा डाव" म्हणून कंट्रोलर खाली ठेवला जातो. थ्रोवर बंदी घाला अशी रीतसर मागणी आली आहे!

मला विचारायचंय की सगळ्यांना चालतील असे मधले नियम काढता येतात का, थ्रोवर बंदी घालणं योग्य का, आणि लाइट, डेक असली हातातली यंत्रं सामन्याला चालतात का. पाच तासांत १४ जणांचं ब्रॅकेट उरकतं का, तेही सांगा. सेटिंग नेमक्या द्या, "बघून घ्या" नको.

---

तिसरा_स्टॉक

मधले नियम काढू नका. "आयटम थोडेच ठेवू" म्हटलं की ज्याला डोक्यावर बॉम्ब पडून हरायला झालं तो चिडतो आणि ज्याला धिंगाणा हवा होता त्याला तो पुरत नाही. गल्लीत एक टप्पा आउट चालतो म्हणून कुणी लेदर बॉलच्या मॅचमध्ये तो मागत नाही, इतकं साधं आहे. स्क्रीन वेगळे, नियम वेगळे. एक स्विच मजेचा, एक स्विच सामन्यांचा, आणि कोणता कशाचा हे दुपारी ३ वाजताच ठरलेलं असावं.

स्मॅशमध्ये नियमांचे संच नाव देऊन सेव्ह करता येतात. दोन बनवा, एकाला "धिंगाणा" नाव द्या, एकाला "सामना". सामन्याचा संच असा:

स्टाइल स्टॉक, ३ स्टॉक (म्हणजे तीन जीव), वेळ ७ मिनिटं. आयटम बंद. फायनल स्मॅश मीटर बंद. स्पिरिट्स बंद. स्टेज हॅझार्ड्स बंद. स्टेज मॉर्फ बंद. लाँच रेट १.०. अंडरडॉग बूस्ट बंद. पॉज बंद, आणि हे विसरू नका, कारण धक्क्याने प्लसचं बटण दाबलं गेलं की समोरच्याचा कॉम्बो (सलग फटक्यांची साखळी) तुटतो आणि तिथून वाद सुरू होतो. डॅमेजचे आकडे मात्र दिसू द्या.

स्टेज (लढायची मैदानं) पाच पुरेत: बॅटलफील्ड, स्मॉल बॅटलफील्ड, फायनल डेस्टिनेशन, पोकेमॉन स्टेडियम २, स्मॅशव्हिल. पहिल्या गेमला दगड-कागद-कात्री. जिंकणारा एक स्टेज काढतो, दुसरा दोन काढतो, उरलेल्या दोनांतून पहिला निवडतो. पुढच्या गेमला आधीचा गेम जिंकलेला दोन स्टेज काढतो, हरलेला उरलेल्यांतून एक घेतो. फायटरसाठी क्रमही ठरवा: आधी स्टेज, मग जिंकणारा फायटर सांगतो, शेवटी हरणारा. हा क्रम ठरलेला नसला की "तू आधी सांग, तू आधी सांग" यातच पाच मिनिटं जातात.

वेळ संपली तर जास्त स्टॉक ज्याचे तो जिंकला. स्टॉक सारखे असतील तर कमी टक्केवाला (टक्के म्हणजे खाल्लेलं डॅमेज). खेळ आपोआप सडन डेथला (झटपट निकालाच्या जादा डावाला) नेतो, त्याचा निकाल धरायचा नाही. टक्केही सारखे निघाले तर १ स्टॉक, ३ मिनिटं, तेच फायटर, तोच स्टेज.

आता जे हमखास राहून जातं ते सांगतो. नवीन किंवा दुसऱ्याच प्रोफाइलवर उघडलेल्या अल्टिमेटमध्ये फक्त ८ फायटर असतात. बाकीचे खेळून उघडावे लागतात, आणि डीएलसीचे (वेगळे पैसे देऊन घ्यायचे) ज्याने विकत घेतले त्याच्याच कन्सोलवर दिसतात. रविवारी हॉलमध्ये गेल्यावर "माझा स्टीव्ह कुठाय?" असं होण्यापेक्षा शनिवारी दोन्ही स्विच उघडून फायटरची यादी ताडून बघा. दोन्हीकडे नसलेला फायटर सामन्यात चालणार नाही असं आधीच सांगून टाका, किंवा त्याचे सामने ठरवून त्याच स्विचवर लावा.

---

डाऊनबॅक

थ्रोवर बंदी घालू नका. घातलीत तर स्ट्रीट फायटर ६ मोडतोच. थ्रो नसेल तर मागचं बटण धरून नुसता ब्लॉक करत बसलेल्या माणसाला उठवायला काही उरत नाही, मग जो जास्त बसून राहतो तो जिंकतो. पुढच्या महिन्यात "ब्लॉकवर बंदी घाला" अशी मागणी येईल.

आकडे बघा. बहुतेक फायटरची लाइफ १०,००० असते, साधा थ्रो साधारण १,२०० घेतो. म्हणजे नुसत्या थ्रोने मारायचं तर नऊ लागतात. तीन थ्रोंनी राउंड जात नाही, डोकं जातं.

थ्रोचं उत्तर शिकवा, दहा मिनिटांचं काम आहे. क्लासिकमध्ये (सहा बटणांच्या मूळ पद्धतीत) थ्रो म्हणजे लाइट पंच आणि लाइट किक एकत्र. समोरच्याने पकडलं त्याच क्षणी तेच दाबलं की थ्रो सुटतो. तो पकडायला येणार असा अंदाज असेल तर सरळ वर उडी मारा, हवेतल्या माणसाला साधा थ्रो लागत नाही. त्याचा हात रिकामा गेला की खाली येताना जोराची किक आणि जमिनीवर पूर्ण कॉम्बो. दोनदा असं झालं की थ्रोवाला आपोआप विचार करायला लागतो.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या सेटिंगला जाऊन रेकॉर्डिंगचा एक स्लॉट घ्या. डमीला पुढे चालवून थ्रो मारायला लावा. दुसऱ्या स्लॉटमध्ये पुढे चालून लाइट पंच. दोन्ही स्लॉट चालू ठेवून प्ले लावला की डमी मनाला येईल ते करतो. आता तुम्ही फक्त थ्रो सोडवायचा सराव करा. एकच स्लॉट लावून सराव केला तर बोटांना तालाची सवय लागते आणि खऱ्या सामन्यात काहीच येत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं.

तक्रार शंभर टक्के खोटी आहे असंही नाही. कोपऱ्यात काही फायटर थ्रो मारून लगेच पुढे सरकतात आणि उठता उठता परत थ्रो किंवा फटका असा खरा पेच टाकतात. तिथे अंदाजच करावा लागतो. पण तिथपर्यंत पोचलाच कसा, हा प्रश्न आधी विचारायचा. कोपऱ्यात ढकललं जाईपर्यंत पाच-सात ठिकाणी काहीतरी करता आलं असतं.

ड्राइव्ह इम्पॅक्टचं (समोरचा फटका झेलत मारायच्या जोरदार फटक्याचं) तसंच. नवीन लोकांना वाटतं हे थांबवताच येत नाही. सुरू व्हायला २६ फ्रेम लागतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे साधारण ०.४३ सेकंद. दिसल्यावर आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट (हेवी पंच आणि हेवी किक एकत्र) मारला की नंतरचा जिंकतो. कोपऱ्यात असताना नुसता ब्लॉक करू नका, भिंतीवर आपटून पुढचा कॉम्बो खाल.

लहान पोरं आणि पहिल्यांदाच येणारे, म्हणजे आपले लिंबूटिंबू, त्यांना डायनॅमिक कंट्रोल द्या. बटण दाबलं की अंतर बघून खेळच चाल निवडतो. ऑनलाइनला हा प्रकार चालत नाही, घरात दोघांत चालतो. सामन्यात मात्र फक्त मॉडर्न आणि क्लासिक. मॉडर्नला "फुकटची चाल" म्हणून नावं ठेवणारे असतील तर त्यांना सांगा की एका बटणाने काढलेल्या स्पेशलचं डॅमेज २० टक्के कमी असतं आणि मॉडर्नवाल्याकडे सगळे साधे फटकेही नसतात. किंमत मोजूनच घेतलेली सोय आहे ती.

---

बॉम्ब_ऑम्ब

वरच्या दोघांचं पटलं, पण धिंगाण्याच्या स्क्रीनकडे कुणी लक्षच दिलं नाही. "मजेचा स्विच" म्हणून सगळं चालू करून सोडून दिलं की तासाभरात तोही कंटाळवाणा होतो. मजेलाही नियम लागतात, वेगळे लागतात इतकंच.

आयटम "हाय" ठेवू नका. चौघं खेळताना स्क्रीनवर आधीच गर्दी असते, त्यात दर दोन सेकंदांना काहीतरी पडलं की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो अकरा वर्षांचा मुलगाच असतो. "मीडियम" किंवा "लो" ठेवा, आणि आयटमच्या यादीत जाऊन हातात न घेताच फुटणारे बंद करा. पोके बॉल, असिस्ट ट्रॉफी, बीम सोर्ड, होम-रन बॅट राहू द्या. स्मॅश बॉल राहू द्या, त्याच्यामागे सगळे धावतात तीच खरी करमणूक.

स्टॉक नको, टाइम ठेवा, ३ मिनिटं. स्टॉकमध्ये पहिला बाद झालेला पोरगा उरलेले तीन मिनिटं तोंड पाडून बसतो. टाइममध्ये मेला तरी लगेच परत. आणि दर सामन्यानंतर शेवटचा नंबर उठतो, रांगेतला पुढचा बसतो. "जिंकेल तो बसेल" हा नियम धिंगाण्याला कधीच लावू नका, एकच दादा तासभर बसून राहतो. दोन सलग जिंकले की त्यानेही उठायचं.

भारी खेळाडू इथे येऊन बसला तर हँडिकॅप चालू करा. त्याला ६० किंवा ८० टक्क्यांवरून सुरुवात करायला लावायची. काहींना हा अपमान वाटतो. वाटू दे. ज्याला नियमाने खेळायचंय त्याच्यासाठी शेजारी दुसरा स्विच आहेच.

स्ट्रीट फायटरवाल्यांनाही धिंगाणा आहे, फायटिंग ग्राउंडमध्ये एक्स्ट्रीम बॅटल. मध्येच सैरावैरा बैल धावत येतो आणि दोघांनाही उडवतो. पाहुणे आले की हे लावा.

---

तार_लावा_सातपूर

तुमचं अर्धं भांडण नियमांचं नसणार, टीव्हीचं असणार. "मी दाबलं होतं!" हे वाक्य हॉलमध्ये किती वेळा ऐकू येतं ते मोजा.

साध्या पिक्चर मोडमध्ये बरेच टीव्ही चित्र दाखवायला ५० ते १०० मिलिसेकंद उशीर करतात, कारण ते चित्र गुळगुळीत करत बसतात. गेम मोड लावला की तोच टीव्ही १०-२० वर येतो. आता वर डाऊनबॅकने दिलेला २६ फ्रेमचा हिशोब घ्या. बघून बटण दाबायला माणसाला साधारण १५ फ्रेम लागतात. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले म्हणजे अजून ६ गेल्या. खेळाची आणि कंट्रोलरची स्वतःची थोडी दिरंगाई धरली की २६ पैकी हातात काही उरत नाही. चांगला खेळाडूही त्या टीव्हीवर ड्राइव्ह इम्पॅक्ट थांबवू शकणार नाही, आणि नवख्याला वाटणार की हा खेळच फालतू आहे.

काय करायचं: गेम मोड हा बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो. पोर्ट बदलला की परत तपासा. मोशन स्मूदिंग वगैरे सगळं बंद. साउंडबार काढा, आवाज टीव्हीचाच. दोन टीव्हींत कोणता बरा हे बघायचं असेल तर एक एचडीएमआय स्प्लिटर घ्या, एका कन्सोलचं चित्र दोन्ही टीव्हींवर पाठवा, दोन्ही एका फ्रेममध्ये येतील असा मोबाइल धरून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. फटका ज्यावर आधी दिसतो तो टीव्ही सामन्याला, दुसरा धिंगाण्याला. व्हिडिओतली एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. बहुधा तुमचा मॉनिटरच जिंकेल.

कंट्रोलर. पीएस५च्या कंट्रोलरला केबल लावली म्हणून तो केबलवर चालतो असं नाही, तो ब्लूटूथवरच राहून फक्त चार्ज होत असतो. सेटिंग्ज → ॲक्सेसरीज → कंट्रोलर्स → कम्युनिकेशन मेथड → यूएसबी केबल, असं करावं लागतं. आणि केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगवाली चालत नाही. स्विचला सिस्टिम सेटिंग्ज → कंट्रोलर्स अँड सेन्सर्स → प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन चालू.

एका खोलीत दहा-बारा ब्लूटूथ कंट्रोलर, शिवाय सगळ्यांचे मोबाइल आणि इअरबड असले की बटणं दाबल्यावर अधूनमधून अडकतात. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या सामन्यातला माणूस कंट्रोलर घेऊन चहाला जातो, चुकून मधलं बटण दाबतो आणि इकडे चालू सामन्यावर मेनू येतो. म्हणून खुर्चीवरून उठताना आपला कंट्रोलर कन्सोलमधून काढणं हा नियमच करा. पीएस५च्या कंट्रोलरवर क्रिएट आणि पीएस बटण दिवा लुकलुकेपर्यंत धरलं की तो पेअरिंगला जातो, तो मग घरी जाऊन आपल्या कन्सोलला जोडायचा.

वीज. पावसाळ्यात लाइट गेली तर ब्रॅकेट तिथेच बसतं. खेळताना पीएस५ला साधारण २०० वॅट, ४३ इंची एलईडीला ८० ते १००. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे एक पीएस५ आणि एक टीव्ही काही मिनिटं निघतात, तेवढ्यात राउंड संपवून नीट बंद करता येतं. स्विचचा डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) त्यामानाने काहीच खात नाही. हॉलचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर पीएस५ त्यावर टाकू नका. आणि ज्या एक्स्टेन्शनवर कन्सोल आहेत त्यावर चहाची किटली लावायची नाही. हे लिहावं लागतंय, पण लागतं.

---

टेबलटॉप_नाशिकरोड

हातातल्या यंत्रांबद्दल लिहितो.

स्विच लाइट: टीव्हीला जोडताच येत नाही, आत चित्र बाहेर काढायची सोयच नाही. स्क्रीन ५.५ इंच. त्यावर दोघांनी बघून खेळणं शक्य नाही. लाइट उपयोगी पडतो तो लोकल वायरलेसवर, दोन कन्सोल शेजारी आणि प्रत्येकाला आपला स्क्रीन. पण दोन्हीवर खेळाची स्वतंत्र प्रत आणि एकच अपडेट लागतं. आणि वायरलेसमुळे बटणाला किंचित उशीर होतो, जो एका कन्सोलवर दोघं खेळताना नसतो. म्हणून लाइटवर सराव करा, आपल्या पाळीची वाट बघत गरम व्हा, सामना नको.

लाइटची एक गोष्ट चांगली: डाव्या बाजूला खरा डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं एकसंध बटण) आहे. साध्या स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर (बाजूच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरवर) चार सुटी गोल बटणं असतात, त्यावर अर्धगोल फिरवायच्या चाली अंगठा उचलत कराव्या लागतात आणि मधली तिरकी दिशा सुटते. स्विचवरच्या जुन्या स्ट्रीट फायटरमध्ये हाडुकेनच्या (हातातून गोळा फेकायच्या चालीच्या) जागी नुसता पंच निघाला तर बहुतेक वेळा कारण हेच.

एकेक जॉय-कॉन आडवा धरून दोघांनी खेळणं: स्मॅशला कसंबसं चालतं. सहा बटणांच्या खेळाला चार दर्शनी बटणं आणि वरची दोन चिमुकली एसएल-एसआर, एवढंच राहतं. मोठ्या माणसाची बोटं तिथे अडखळतातच. धिंगाण्याला ठीक.

टेबलटॉपवर लावायचं तर ओएलईडी घ्या, मागचा स्टँड पूर्ण रुंदीचा आहे. जुन्या स्विचची मागची पट्टी बारीक, टेबलाला धक्का लागला की आडवा होतो. शिवाय चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला, त्यामुळे उभा ठेवून चार्ज करता येत नाही. दुपारी ३ ला सुरू करून ६ ला बॅटरी संपली असं होणार. हातात धरून खेळताना टीव्हीची दिरंगाई मात्र मध्ये येत नाही, सराव करायला म्हणूनच ते बरं.

स्टिक आपोआप सरकते अशी तक्रार असेल तर कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स करून बघा. तिथे हात न लावता ठिपका मध्यावर थांबत नसेल तर तो जॉय-कॉन सामन्यातून बाद.

स्टीम डेक: डॉक लावून मॉनिटरला जोडा, दोन तारेचे कंट्रोलर लावा, स्ट्रीट फायटर ६ची दुसरी जागा तयार. ग्राफिक्स खाली आणा आणि फ्रेम ६० वर पक्क्या राहतात का ते आधी बघा, कारण त्या घसरल्या की कॉम्बोचं टायमिंग बदलतं. गर्दीवाले स्टेज टाळा. ट्रेनिंगचा रिकामा स्टेज सगळ्यात हलका. तरीही फायनल पीएस५वरच.

---

इंदिरानगर_प्लेअर२

खूपच उपयोगी, आभार. म्हणजे मॉनिटर आणि जुना स्विच "सामना", हॉलचा टीव्ही आणि ओएलईडी "धिंगाणा", घरून येणारा टीव्ही पीएस५ला. बरोबर?

दोन गोष्टी उरल्या. वेळेचं गणित कुणी दिलं नाही. आणि एकाकडे लिव्हरलेस आहे, नुसत्या बटणांचा कंट्रोलर. बाकीचे म्हणतात ती चिटिंग.

---

तिसरा_स्टॉक

मांडणी बरोबर, फक्त स्विच असे ठरवा. ज्या स्विचवर फायटर जास्त उघडलेत तो सामन्याला, मग तो जुना असो की ओएलईडी. डॉकवर दोन्ही सारखेच.

गणित. दोनदा हरल्यावर बाहेर, या पद्धतीत १४ जणांना २६ सेट लागतात, फायनलला तोवर न हरलेला हरला तर २७. स्मॅशचा तीन गेमचा सेट, खुर्चीत बसणं-उठणं धरून, १२ मिनिटांना जातो. एकाच स्विचवर २६ गुणिले १२ म्हणजे पाच तास बारा मिनिटं. तुमच्याकडे पाचच तास आहेत. म्हणजे चौदाही जण स्मॅशच्या ब्रॅकेटमध्ये आणि स्क्रीन एकच, हे जमणार नाही.

पण चौदाही जण येणार नाहीत, निम्मे धिंगाण्याचे आहेत. ८ जण धरा: १४ किंवा १५ सेट, तीन तास. ३.३० ला सुरू, ६.३० ला फायनल. फायनल पाच गेमची ठेवली तर १५ मिनिटं वाढवा. स्ट्रीट फायटरचे सेट लवकर उरकतात, ८ मिनिटं धरलीत तरी चालतं. तिथे ८ जण दोन तासांत होतात, डेकवर दुसरी जागा लावली तर अजून लवकर.

सगळ्यांना जास्त खेळायला मिळावं असं असेल तर चार-चारचे दोन गट करा, गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. ६ अधिक ६ असे १२ सेट, मग दोन्ही गटांतले पहिले दोन घेऊन सेमीफायनल आणि फायनल, ३ सेट. एकूण १५, म्हणजे वेळ तेवढाच, पण अकरा वर्षांच्या पोराला तीन सेट नक्की मिळतात. मी हेच करेन. भाऊ-भाऊ एका गटात टाकू नका, ते घरी रोज खेळतातच.

आणि एकच माणूस दोन्ही खेळांत असेल तर त्याचं नाव दोन्हीकडे एकाच वेळी पुकारलं जातं. आधी स्मॅशचे गट संपवा, मग स्ट्रीट फायटर. सगळा उशीर इथेच होतो.

---

डाऊनबॅक

लिव्हरलेस चिटिंग नाही. मोठ्या स्पर्धांत चालतो. फक्त एक बघा: डावं आणि उजवं एकदम दाबलं तर फायटर जागेवर थांबला पाहिजे. शेवटचं दाबलेलं जिंकत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये बदलून घ्या. ट्रेनिंगमध्ये दोन्ही दाबून धरा, फायटर चालला तर गडबड आहे. टर्बो आणि मॅक्रो (आपोआप बटणं दाबणारी सोय) मात्र बंद, कुठल्याही कंट्रोलरवर.

टेकन ८ पीएस५वर लावायचं असेल तर नवख्यांना तीनच गोष्टी सांगा. वरचे फटके खाली बसून चुकतात, मधले बसलेल्याला लागतात, खालचे बसूनच अडवावे लागतात. म्हणून मूळ पवित्रा उभं राहून ब्लॉक. खालचा मोठा फटका अडवला की तिथे पूर्ण कॉम्बो मिळतो, तो एक पाठ करा. साधा थ्रो डाव्या किंवा उजव्या पंचाने सुटतो, कुठलाही एक चालतो. नुसत्या किकांवर जिंकणाऱ्याला अडवायला एवढं पुरतं. हरल्यावर रिप्ले उघडा, त्यात मध्येच थांबवून कंट्रोल हातात घेऊन तोच प्रसंग परत खेळता येतो. रडीचा डाव म्हणणाऱ्याच्या हातात तिथे कंट्रोलर द्या, "आता सोडव" म्हणा.

वयावरून कुणी मागे सरत असेल तर एवढंच: हांग्झो एशियाडमध्ये २०२३ साली स्ट्रीट फायटर ५चं सुवर्ण घेणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. आणि २०१९ मध्ये एव्हो जपान आणि लास वेगासचं एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा, दोन्हीकडे टेकन ७ जिंकलेला अर्सलान ॲश लाहोरचा. तिथली पोरं एकमेकांशीच समोरासमोर बसून तयार झाली होती.

---

बॉम्ब_ऑम्ब

गट संपल्यावर बाहेर पडलेले सगळे धिंगाण्याच्या स्क्रीनवर येतात आणि तिथे एकदम रांग लागते. ५ वाजल्यापासून तिथे टाइम ३ मिनिटांचा २ करा. आणि लाइटवाल्या पोराला सांगा, आपला चार्जर आणायचा.